मोठ्या गाडीचे पाटे

त्या मंगळवारी दुपारी लॉरेट पिकअप घेऊन गुऱ्हाळाशी आली, ती जळक्या रबराचा वास घेऊनच. टाकीतल्या रसाच्या वजनानं गाडीचं ढुंगण पार बसलं होतं. डाव्या चाकावर हौद्याचा पत्रा घासत होता आणि टायरची सालपटं निघत होती. आत मेपलच्या रसाची काहील उकळत होती. तिच्या नवऱ्यानं, आर्मंडनं, चुलाणात दोन ओंडके सारले, पायानं दार लोटलं आणि तो लंगडत बाहेर आला.

"किती भरलंस?"

"निम्मीसुद्धा नाही. सव्वाशे गॅलन असेल."

"सव्वाशेत एवढी बसली?"

"मग मी काय टाकीत जाऊन बसले होते?"

 आर्मंडनं चिखलावर एक पुठ्ठा टाकला, गाडीचा कठडा धरून आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि कण्हत आडवा होऊन गाडीखाली सरकला. खालून हातोडीचे चार ठोके ऐकू आले. तीन टणटणीत होते, चौथा बोदा.

"डावीकडच्या स्प्रिंगचा तिसरा पाटा मोडलाय," तो खालूनच म्हणाला. "बाकीचे पार सपाट झालेत. कमान म्हणून काही उरलीच नाही. पाटे कसले, फळ्या झाल्यात."

गाडी अठ्ठावीस वर्षांची होती. बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर अठ्ठावीस हिवाळे काढले म्हणजे लोखंडाचं काय होतं ते अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या डोंगरात कुणाला सांगावं लागत नाही. तरी आजवर तिनं दर खेपेला दोनशे गॅलन रस बिनतक्रार वाहिला होता. आर्मंडचा हिशेब सोपा असे. रस भरताना चाक आणि हौदा यांच्यामधल्या फटीवर नजर ठेवायची, फट एक वीत उरली की पंप बंद करायचा. टाकी तीनशे गॅलनची होती, पण ती कधी पूर्ण भरली नव्हती. आज सव्वाशेतच वितीची दोन बोटं झाली होती, डावीकडे तर तेवढीही नाही.

लॉरेटला मोडक्या पाट्यापेक्षा दुसरंच काहीतरी छळत होतं. ते तिनं तो गाडीखाली आहे तोवरच सांगून टाकलं, कारण तोंडावर सांगायचा धीर नव्हता.

"वरचा हौद पुन्हा वाहिला, आर्मंड. पीज्लीनं बघितलं."

खालची हालचाल थांबली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ही दुसरी वेळ. माझ्या झाडांचा रस मातीत घालायला मी तुम्हाला टेकडी दिलेली नाही. तिसऱ्यांदा सांडला तर पुढच्या वर्षी येऊ नका. नदीपलीकडचे ते मोठे गुऱ्हाळवाले दोनदा विचारून गेलेत."

हॉलिस पीज्ली चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. त्याच्या टेकडीवरच्या सहाशे मेपलांना हे नवरा-बायको दर वसंतात तोट्या मारत. नळ्यांतून रस उतरत उतरत टेकडीच्या खांद्यावरच्या एका उघड्या हौदात जमे आणि तिथून पंपानं गाडीत भरून खाली गुऱ्हाळावर आणावा लागे. गाडी वेळेवर पोचली नाही की हौद भरून वाहायचा. कराराचा कागद नव्हता. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभेत पीज्लीनं हात पुढे केला की वर्षाचा करार झाला, आणि हंगाम संपला की बारा गॅलन काकवी त्याच्या ओसरीवर नेऊन ठेवायची. त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. चांगल्यालाही आणि वाईटालाही.

टेकडी गेली तर पैशाची ओढाताण झाली असती, पण तेवढ्यानं लॉरेटची झोप उडाली नसती. चार वर्षांपूर्वी त्यांनी गाई विकल्या होत्या. आर्मंडचा खुबा झिजला होता, दूध परवडत नव्हतं, दुसरा मार्ग नव्हता. गाई ट्रकमध्ये चढून गेल्या आणि त्यानंतरचा अख्खा हिवाळा आर्मंड पहाटे चारला उठून, गोठ्यातले बूट घालून, नुसता स्वयंपाकघरात बसून राहायचा. विचारलं तर म्हणायचा, काही नाही. दोन महिन्यांत तो पन्नास वाक्यंही बोलला नसेल. त्याला उठवलं ते मार्चमधल्या रसानं. टेकडी गेली तर तो पुन्हा तसा बसेल आणि या खेपेला उठणार नाही, अशी तिची खात्रीच झाली होती. हे ती कुणाशी बोलली नव्हती. बोलणार तरी कुणाशी?

"गुरुवारपर्यंत गारठा आहे म्हणतात," आर्मंड बाहेर सरकत म्हणाला. "रस गोठून बसेल. दोन दिवस मिळतील. पाटे बदलू."

"तुझ्यानं होईल?"

"नाही तर काय, तुझ्यानं?" तो म्हणाला. पण उठायला त्यानं तिचाच हात मागितला.

*

बुधवारी ते भंगारवाल्या ओव्हिलाकडे गेले. त्याच्या आवारात गाड्या बर्फात निम्म्या पुरलेल्या होत्या. ओव्हिला आर्मंडचा शाळासोबती. त्याच्या तोंडात सदा न पेटवलेली विडी असे, आणि ती न काढता तो बोले.

"तुझ्या गाडीचे पाटे? लेका, तसली गाडी माझ्याकडे तीन वर्षांत आली नाही. तुझीच एक रस्त्यावर आहे. तीच आणून टाक इथं, मग मिळतील पाटे."

"रुंदी तीच हवी. दुसऱ्या कुठल्या गाडीचे बसतील?"

ओव्हिलानं टोपी मागं सारली. "त्या कोपऱ्यात एक टनी ट्रक पडलाय, त्याच कंपनीचा. एका बाजूला आठ पाटे. तुझ्याला किती, पाच ना? घाल आठ. मग रस काय, घर उचलून ने."

पाटे काढायला साडेचार तास गेले. पारा शून्याच्या खाली दहा अंश होता. पाना हाताला चिकटत होता आणि लॉरेटचे हातमोजे तेलानं भिजून कडक झाले होते. आर्मंड आडवा पडून बोल्ट ढिले करी, ती वरून पहारीनं पाट्यांना उचल देई. ओव्हिला मध्येच कॉफी घेऊन आला आणि विडी चावत म्हणाला, "बायको अशी हवी. माझी तर पाना आणि उलथणं यातला फरक विचारते."

"तुझी शहाणी आहे," लॉरेट म्हणाली. "मीही विचारायला हवं होतं, लग्नाच्या दिवशीच."

आर्मंड गाडीखालून हसला. ते हसू ऐकून तिनं पहारीला दुप्पट जोर लावला. ओव्हिलाला त्यांनी चार गॅलन काकवी कबूल केली. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट मात्र आर्मंडनं गावातून नवे आणले, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नाही हा त्याच्या बापाचा नियम होता.

खरं काम गुरुवारी झालं. गुऱ्हाळापुढच्या गोठलेल्या जमिनीवर गाडी जॅकवर चढवली, चासीखाली ओंडके दिले. पाट्यांच्या टोकाचा पुढचा बोल्ट गंजून भोकातल्या बुशात असा रुतला होता की जणू दोघं एकत्रच ओतले होते. आर्मंडनं गॅसच्या टॉर्चनं तो लालबुंद केला, लॉरेटनं पान्याला चार फुटी पाइप लावून सगळं अंग टाकलं. बोल्ट हलेना. पुन्हा तापवला. पुन्हा अंग टाकलं. तिसऱ्यांदा कडाड आवाज झाला, बोल्टचं डोकं तुटून उडालं आणि लॉरेट पाइपासकट उताणी पडली. हनुवटी फुटली.

"लागलं का?"

"तू बोल्ट बघ. माझी हनुवटी कुठं जात नाही."

तुटक्या बोल्टचा दांडा हातोडीनं ठोकून काढला आणि दुपारी उजवी बाजू बसली. डावीकडचे पाटे ॲक्सलवर चढवून आर्मंडनं यू-बोल्ट आवळायला घेतले, आणि अर्ध्यावर त्याच्या खुब्यानं दगा दिला. पाय आखडला. त्याला बाहेरही येता येईना की कुशीवरही वळता येईना. मग तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "लॉरेट, मला ओढ."

तिनं त्याचे बूट धरले आणि ओढलं. पुठ्ठा खालीच राहिला, सदरा वर गोळा झाला आणि आर्मंडची पांढरी पाठ बर्फावरून फरफटत बाहेर आली. तेवढ्यात तिच्या मागं काठी टेकल्याचा आवाज झाला. पीज्ली म्हातारा उभा होता.

"रानातून ओंडका ओढतेस काय?" तो म्हणाला.

आर्मंडनं सदरा खाली ओढला. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "पाय जरा आखडला, मिस्टर पीज्ली."

म्हाताऱ्यानं वाकून पाटे मोजले, काठीच्या टोकानं, एकेक. "आठ? हे कुठले?"

"एक टनी ट्रकचे."

"आणि गाडी पाऊण टनी." पीज्ली सरळ झाला. "नाकापेक्षा मोती जड."

"पाटे बसतील बरोबर. काळजी नको," लॉरेट म्हणाली.

"माझी काळजी मी करतो. उद्या ऊन आहे. रस धावेल. हौदाचं बघा म्हणजे झालं." एवढं बोलून तो गेला. त्याची पाठ वळल्यावर आर्मंडनं थुंकून घेतलं, पण बोलला काही नाही. त्या न बोलण्याचीच लॉरेटला भीती वाटत असे. तिनं पाना उचलला आणि उरलेले नट स्वतः आवळले. तो बसल्या बसल्या सांगत होता, आडवे आवळ, एकदा इकडचा, एकदा तिकडचा, आणि शेवटची पकड गाडी जमिनीवर आल्यावर.

संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरली. नवे पाटे जराही दबले नाहीत. मागचं अंग असं उंच राहिलं की लॉरेटला हौद्यात चढायला पायरी लागली असती. आर्मंड वीस पावलं मागं गेला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"बघ," तो म्हणाला. "माजावर आलेल्या कालवडीसारखी उभी आहे."

किती दिवसांनी त्याच्या तोंडी गाईगुरांची गोष्ट आली होती. लॉरेटनं हनुवटीवरची चिकटपट्टी दाबली आणि मनातल्या मनात म्हणाली, झालं, सुटलो.

*

शुक्रवारी सकाळी नऊलाच छपरं गळायला लागली. दहाला टेकडीवरच्या नळ्यांतून रस खळखळत हौदात पडत होता. गाडी हौदाशी लावून लॉरेट खाली उतरली, आर्मंडनं पंप सुरू केला आणि नेहमीसारखा चाकाशी उकिडवा बसून फट बघू लागला. दीडशे गॅलन झाले, दोनशे झाले. फट अडीच वितींची होती ती दोन विती झाली आणि तिथंच थांबली.

"बस कर आता," लॉरेट म्हणाली.

"का?"

"नेहमी एवढंच भरतो."

"नेहमीचे पाटे होते तेव्हा. ही बघ की. हिला कळलंसुद्धा नाही अजून." तो पंपाजवळून हलला नाही. "तीनशे नेले तर तीन खेपांचं काम दोनात होतं. हौद कधी वाहायचाच नाही. म्हातारा बसेल काठी आपटत."

लॉरेटला वाटलं, नको. पण त्याचा आवाज इतका जिवंत होता, डोळे इतके चमकत होते, की ती तसं म्हणाली नाही. पुढं कितीतरी दिवस तिनं स्वतःला यासाठी बोल लावला. टाकी काठोकाठ भरली. आर्मंडनं झाकण दाबून बसवलं आणि हौद्याच्या पत्र्यावर थाप मारली. तो मागून पायी उतरणार होता. गाडीत चढ-उतर करण्यापेक्षा खुब्याला चालणं बरं पडे.

उतार तीनशे पावलांचा. वरची दोन बोटं माती चिखल झालेली, तिच्याखाली अजून बर्फच. तळाशी डावीकडे पीज्लीचं घर, रस्त्याच्या कडेला त्याची टपालपेटी, आणि त्यापलीकडे गावचा मोठा रस्ता. लॉरेटनं गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकली. पहिल्या वळणावर ब्रेकवर पाय ठेवला तेव्हा गाडी थांबल्यासारखी झाली, पण जरा वेगळीच. नाक खाली गेलं, मागचं अंग मात्र ढकलतच राहिलं. तिनं जास्त दाबला. पुढची चाकं घट्ट धरली गेली आणि चिखलावरून नांगरासारखी घसरू लागली. मागची चाकं आपली फिरतच होती, जणू ब्रेकशी त्यांचं काही नातंच नव्हतं.

तिनं पाय सोडला, पुन्हा दाबला. तेच. पाठीमागं तीनशे गॅलन रस हिंदकळत होता आणि दर हिंदकळ्याला गाडीला धक्का देत होता. खाली टपालपेटीशी पीज्ली उभा होता, हातात पत्रं, तोंड तिच्याकडे. त्याच्यामागून मोठ्या रस्त्यावर लाकडाचा एक ट्रक येताना दिसला.  तिनं स्टिअरिंग उजवीकडे मारलं आणि रस्त्यावरचा बर्फ सारणाऱ्या फावड्याच्या गाडीनं हिवाळाभर रचलेल्या बर्फाच्या ढिगात गाडी घातली.

काच पांढरी झाली. टाकीचं झाकण उडालं आणि रसाची एक लाट छपरावरून येऊन काचेवर पसरली. मग सगळं शांत झालं. तिला इंजिनचा आवाजही येत नव्हता, कारण ते बंद पडलं होतं. गुडघा डॅशबोर्डवर आदळला होता. हात शाबूत होते. तिनं ते पालथे-उताणे करून बघितले.

आर्मंड आला तो धावतच. त्याला धावताना तिनं सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. तो दोनदा पडला होता, कोपरं चिखलानं माखली होती. त्यानं दार उपटून उघडलं आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बोल काहीतरी," तो म्हणाला. "बोल."

"मागचे ब्रेक लागत नाहीत," ती म्हणाली.

 तो वळला आणि पुठ्ठा नाही, काही नाही, तसाच बर्फात आडवा होऊन गाडीच्या मागं सरकला. पीज्ली काठी टेकत टेकत येऊन पोचला तोवर आर्मंड बाहेर निघून टायरला पाठ टेकून बसला होता. चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझी चूक आहे," तो म्हणाला. कुणाकडे न बघता. "ॲक्सलपासून एक दांडी वर ब्रेकच्या व्हॉल्व्हला जाते. मागं वजन आलं, गाडी बसली, की ती दांडी वर उचलली जाते आणि मागच्या ब्रेकला पूर्ण जोर मिळतो. गाडी उंच असली की व्हॉल्व्हला वाटतं, हौदा रिकामा आहे, आणि तो जोर तोडतो. मी पाटे उंच घातले. दांडीकडे बघितलंच नाही. मी तुला मारली असती, लॉरेट."

 रस काचेवरून बॉनेटवर टपटपत होता.

"आणि हौद?" पीज्ली म्हणाला.

"वर शंभरेक गॅलन आहे," लॉरेट म्हणाली. "हे सांडलं ते..."

"हे तुझ्या काचेवर सांडलं. ते मी धरत नाही. आता साडेअकरा झालेत. हे ऊन असलं तर चारला हौद वाहील." म्हाताऱ्यानं आर्मंडकडे काठी केली. "ट्रॅक्टर काढून गाडी ओढून देतो. पण हिला आता गॅरेजवाल्याकडे न्या. ज्याला दोन्ही पाय आहेत अशा माणसाचा हात लागल्याशिवाय ही गाडी माझ्या उतारावर यायची नाही."

आर्मंडनं मान खाली घातली. "बरोबर बोलतायत," तो म्हणाला. "गॅरेजला फोन कर."

"गॅरेजवाला सोमवारी घेईल. चारला हौद वाहील."

"मग वाहू दे."

तो आवाज लॉरेटला ओळखीचा होता. चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातला होता तो. तिच्या अंगावर काटा आला, उतारावरही आला नव्हता असा. आणि भीतीपाठोपाठ राग आला, नवऱ्याचा, म्हाताऱ्याचा, त्या मेल्या पाट्यांचा.

"वाहू बिहू काही द्यायचं नाही," ती म्हणाली. "मिस्टर पीज्ली, गाडी ओढून द्या, उपकार होतील. पण तिला हात लागेल तो याचाच. चारच्या आत. आणि याच उतारावरून मीच ती खाली आणीन, दोनशे भरून. तुम्ही आत्ता उभे होतात तिथंच उभे राहा."

"लॉरेट, मी तुला यात बसवणार नाही," आर्मंड म्हणाला.

"मग कोण बसणार? तुला क्लच दाबता येत नाही."

पीज्लीनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही," तो पुटपुटला, आणि ट्रॅक्टर आणायला निघाला.

*

पीज्लीनं गाडी ओढून त्यांच्या गोठ्यात आणून दिली आणि टाकीतला उरलासुरला रस त्यांनी गुऱ्हाळात ओतला. भिंतीला गाई बांधायच्या लोखंडी चौकटी अजून होत्या. आर्मंडनं त्यातल्या एकीची पट्टी कापून घेतली. नवे पाटे जुन्यांपेक्षा किती उंच ते त्यानं तीनदा मोजलं. तीनही वेळा सव्वापाच इंच आलं, तरी चौथ्यांदा मोजलं. दांडीचा खालचा आधार तेवढाच वर घ्यायचा, म्हणजे व्हॉल्व्हला फसवायचं नाही, उलट खरं सांगायचं. पट्टी वाकवली, भोकं पाडली. तो गाडीखाली गेला आणि लॉरेट दिवा धरून त्याच्या शेजारी आडवी झाली.

 नट आट्यावर बसेना, दोनदा घरंगळून छातीवर पडला.

"तू बाहेर जा," तो म्हणाला. "तू बघतेस म्हणून होत नाही."

"मला भीती वाटते, आर्मंड," ती म्हणाली. "लपवत नाही.  पण दुसऱ्या कुणी केलेल्या ब्रेकवर मी बसणार नाही. तेव्हा सावकाश कर. मी इथंच आहे."

 नट बसला. त्यानं तो आवळला, सोडला, पुन्हा मोजला, पुन्हा आवळला. मग सगळ्या ब्रेकच्या नळ्या बोटांनी चाचपल्या, हवा काढली, लॉरेटला पेडल मारायला लावलं, पुन्हा हवा काढली. घड्याळ बघायची तिची हिंमत नव्हती. बाहेर छपरावरून पाणी धारेनं वाहत होतं, म्हणजे वरही रस तसाच धावत होता. तीन वाजून दहा मिनिटांनी तो म्हणाला, "आता मला ओढ."

ते टेकडीवर पोचले तेव्हा हौद काठोकाठ भरायला दोनच बोटं उरली होती. दोनशे गॅलन झाले तेव्हा त्यानं पंप आपणहून बंद केला. लॉरेट चढून बसली, किल्ली फिरवली आणि बघते तर पलीकडचं दार उघडलं. आर्मंड एक पाय आत टाकून, दुसरा हातानं उचलून आत घेत होता. दुखण्यानं त्याचे दात आवळले होते.

"काय करतोस?"

"बसतोय."

"तू चालत ये. नाही तर खुबा..."

"खुब्याचं राहू दे," तो म्हणाला आणि दार ओढून घेतलं. "जे होईल ते दोघांचं. चल."

वरच्या वळणापर्यंत ती रांगतच गेली.  सकाळच्या घसरणीचे चर तसेच होते, दोन लांब ओले पट्टे, थेट ढिगापर्यंत. खाली टपालपेटीशी पीज्ली उभा होता. ठरल्याप्रमाणे, इंचही इकडेतिकडे नाही. लॉरेटनं श्वास धरला आणि जिथं पट्टे सुरू होत होते तिथं पाय दाबला.

गाडीनं मागून पकड घेतली. मागची चाकं चिखलात रुतत गेली, पाटे करकरले, रस पुढं आदळला, मागं आदळला, आणि गाडी ऐन उतारावर उभी राहिली. टाकी हलायची थांबली तरी ती उभीच राहिली.

पीज्ली वर येऊ लागला. त्याला वेळ लागला.  खिडकीशी येऊन त्यानं आत पाहिलं. आधी आर्मंडकडे, मग तिच्याकडे.

"हौद?"

"दोनशे काढून आलोय. जमिनीवर थेंब नाही."

म्हाताऱ्यानं मागच्या चाकाला काठीनं टोचून बघितलं. "मग इथं कशाला थांबलात? ऊन पाचपर्यंत आहे. जा, ओता आणि परत या."

तो बाजूला झाला. गाडी मात्र हलली नाही. लॉरेटचा पाय ब्रेकवरून निघत नव्हता. तिनं हुकूम दिला तरी पाय ऐकेना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिला आत्ता कळलं.

आर्मंडनं आपला काळा, तेलकट हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"सोड," तो म्हणाला. "तू सांगशील तेव्हा धरतोय ब्रेक. सोड आता."

तिनं पाय सोडला.